हस्बंड क्या करते हैं?

दिल्लीत एखादी बाई धंद्यासाठी कर्ज मागायला बँकेत गेली की पहिला प्रश्न कोणता येतो? धंदा कसला? नाही. माल कुठे खपतो? नाही. किलोमागे सुटतात किती? तेही नाही.

‘हस्बंड क्या करते हैं?’

पेपरात हमखास येणारा प्रश्न आहे हा, आणि गुण उत्तरावर आहेत. ‘सरकारी नोकरी’ म्हणालात तर पाणी येते. ‘प्रायव्हेट’ म्हणालात तर नुसती खुर्ची. ‘नाहीत’ म्हणालात तर साहेब लंचला गेलेले असतात. सकाळी पावणेअकराला.

गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींबरोबर मी बँकेत गेलो होतो. बँकेचे नाव सांगत नाही. सांगून फायदाही नाही, तिच्या शेजारच्या बँकेत शिरलो असतो तरी हेच झाले असते. वहिनी मूळच्या साताऱ्याच्या, आता पंधरा वर्षे मयूर विहारच्या. थालीपिठाची भाजणी, चकलीची भाजणी, मेतकूट, दिवाळीत अनारसे. गिऱ्हाईक नोएडापासून गुरुग्रामपर्यंत पसरलेले. घरची चक्की आता पुरत नाही. मोठा पल्व्हरायझर, भाजायचे यंत्र, पाकिटे सील करायचे मशीन आणि एक छोटा गाळा, असा सगळा हिशेब चार लाखांचा. तो एका वहीत. चणाडाळीच्या भावापासून पाकिटावरच्या लेबलपर्यंत सगळे त्यात लिहिलेले.

मी कशाला बरोबर? हिंदी त्यांची माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगली. ‘भाऊजी, पुरुष माणूस बरोबर असलं की बरं पडतं,’ म्हणाल्या.

पडले ना बरे! मॅनेजरसाहेब पूर्ण वेळ माझ्याशीच बोलले. मला भाजणीत धने घालतात की जिरे, हेही ठाऊक नाही. तरी चार लाखांचे काय करणार, हे त्यांनी मलाच विचारले. वहिनी उत्तर द्यायच्या, साहेब माझ्याकडे बघून मान डोलवायचे. टेनिसच्या मॅचमध्ये प्रेक्षकाला रॅकेट द्यावी, तशी माझी गत.

केबिनच्या भिंतीवर पोस्टर होते. शिलाई मशीनवर बसलेली एक बाई तोंडभरून हसत होती. तिला मिळाले असावे.

योजनांची आपल्याकडे ददात कधीच नव्हती. नावे तर अशी, की नवरात्रात रोज एक घेतली तरी नऊ दिवस निघावेत. स्त्री शक्ती. सेंट कल्याणी. अन्नपूर्णा. उद्योगिनी. महिला उद्यम निधी. देना बँकेची ‘देना शक्ती’ होती, मराठी कानाला ती ‘देईना शक्ती’ ऐकू यायची. १ एप्रिल २०१९ ला ती बँकच बडोदा बँकेत विलीन झाली. शक्ती कुठे गेली, विचारू नका.

१ एप्रिलवरून आठवले. भारतीय महिला बँक आठवते का?

बघा, नाही आठवत. डिसेंबर २०१२ मध्ये निर्भया प्रकरणाने दिल्ली पेटली होती. सरकारला काहीतरी करून दाखवायचे होते. फेब्रुवारी २०१३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चिदंबरम यांनी दोन घोषणा केल्या. एक हजार कोटींचा निर्भया निधी आणि एक हजार कोटी भांडवलाची महिला बँक. मुख्यालय दिल्लीत, उद्घाटन मुंबईत, हस्ते मनमोहन सिंग. तारीख १९ नोव्हेंबर २०१३. इंदिरा गांधींची जयंती म्हणून मुद्दाम निवडलेली.

१९ नोव्हेंबरला आंतरराष्ट्रीय पुरुष दिनही असतो. शुभशकुन म्हणतात तो हाच.

बँक साडेतीन वर्षेही टिकली नाही. १ एप्रिल २०१७ ला तिला स्टेट बँकेच्या घरात दिली. मुलगी सासरी गेली, नाव बदलले, माहेर बंद झाले. इथपर्यंत रीतीप्रमाणेच. पण सरकारने सोबत एक पत्रक काढले. त्यात म्हटले होते, महिला बँकेने तीन वर्षांत बायकांना १९२ कोटींची कर्जे दिली. स्टेट बँक समूहाने बायकांना दिलेली कर्जे सुमारे ४६ हजार कोटींची. महिला बँकेच्या फक्त महिलांनी चालवलेल्या शाखा सात, स्टेट बँकेच्या १२६. लग्नाच्या मांडवातच सासरच्यांनी मुलीकडच्यांचे आहेर मोजून दाखवावेत, तसा हा प्रकार.

बायकांसाठी काढलेल्या बँकेत बायकांचा वाटा १९२ कोटी. आणि बँक कशाला काढली होती म्हणे?

दरम्यान मुद्रा योजना आली, ८ एप्रिल २०१५ ला. तारण नको, जामीन नको. तीन पायऱ्या. पन्नास हजारांपर्यंत शिशू, पाच लाखांपर्यंत किशोर, दहा लाखांपर्यंत तरुण. २०२४ मध्ये वीस लाखांचा तरुण प्लसही आला. मुद्राच्या दर शंभर खात्यांत साधारण अडुसष्ट बायकांची. सरकार हा आकडा अभिमानाने सांगते, आणि सांगावाच. फक्त नावे वाचा एकदा. शिशू, किशोर, तरुण, तरुण प्लस.

चारही मुलगेच झाले.

बरे, बहुतेक कर्जे शिशूची. खोटे कशाला बोला, भाजीच्या गाडीला, शिलाई मशीनला, इस्त्रीच्या टपरीला हे पन्नास हजार मोलाचे ठरले. पण दिल्लीत पन्नास हजारांत मशीन येते, ते ठेवायला जागा येत नाही. दहा वर्षे नुसती बारशी चालली आहेत. मुंज कधी?

आणि स्टँड-अप इंडिया? तिचे उद्घाटन तर आमच्या अंगणात झाले. ५ एप्रिल २०१६, नोएडा सेक्टर ६२. पंतप्रधान आले, ई-रिक्षा वाटल्या गेल्या, टाळ्या झाल्या. दहा लाख ते एक कोटीपर्यंत कर्ज. अट अशी, की प्रत्येक शाखेने किमान एका दलित वा आदिवासी उद्योजकाला आणि किमान एका महिलेला ते द्यावे.

शाखेमागे एक बाई. पंगतीत मीठ वाढतात तशी.

वहिनी त्यातही बसेनात. मागत होत्या चार लाख, आणि तिथे किमान दहा मागावे लागत. कमी मागितले ही चूक. शिवाय धंदा अगदी कोरा, पहिलाच लागे. वहिनी तर सहा वर्षे भाजणी विकतायत. मग जुना धंदा म्हणून किशोरमध्ये बसवा. ‘ठीक है, दो साल का आयटीआर?’ उत्पन्न कराच्या रेषेखाली, रिटर्न भरायचे कशाला? म्हणून भरले नाहीत. म्हणजे नव्या म्हणाव्यात तर जुन्या, जुन्या म्हणाव्यात तर कागद नाहीत. बाई समोर बसली होती, हाडामांसाची. कागदोपत्री मात्र अजून जन्मायची होती.

ती योजना मार्च २०२५ मध्ये मुदत संपून गेली. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात नवी आली. पहिल्यांदाच उद्योग काढणाऱ्या पाच लाख महिला, दलित आणि आदिवासींना पाच वर्षांत दोन कोटींपर्यंत मुदत कर्ज. आकडा मोठा, फॉर्म नवा. पहिला प्रश्न बदलला असेल, अशी आशा करू या.

मग आले सिबिल. वहिनींनी जन्मात कुणाचे दहा रुपये बुडवले नाहीत. किराणा उधारीवर आणला नाही, फ्रिज हप्त्यावर घेतला नाही, क्रेडिट कार्डला हात लावला नाही. आजीने शिकवले होते, अंथरूण पाहून पाय पसरावे. संगणकाने त्यांचा निकाल दिला. उणे एक.

कर्जाचा इतिहासच नाही, म्हणून उणे एक. ज्याने तीन कर्जे घेऊन दोन रडतखडत फेडली, तो सहाशेच्या पुढे. आजी, ऐकतेस ना?

‘कोई बात नहीं,’ साहेब म्हणाले, ‘हस्बंड को को-ॲप्लिकंट बना देते हैं।’ मी म्हटले, साहेब, दहा लाखांपर्यंत लघुउद्योगाकडून तारण मागू नका, असे रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच सांगितले आहे. साहेब दुखावले. ‘तारण कौन मांग रहा है, सर? सिर्फ साइन चाहिए।’

तारण नको. नवरा हवा.

आणि हे फक्त आपल्याकडचे म्हणून कपाळाला हात लावू नका. तुर्कस्तानात ३३४ कर्ज अधिकाऱ्यांवर एक प्रयोग झाला. तेच अर्ज, तेच आकडे, फक्त अर्जदाराचे नाव कधी बाईचे, कधी बाप्याचे. मंजुरीचे प्रमाण दोघांचे सारखेच. फरक जामीनदारात. बाईचे नाव असले की जामीनदार मागण्याची शक्यता २६ टक्क्यांनी जास्त. म्हणजे तोंडावर नाही कुणी म्हणत नाही. ‘हो, पण’ म्हणतात. अमेरिकेत तर १९८८ चा कायदा येईपर्यंत कित्येक राज्यांत बाईला धंद्याच्या कर्जासाठी घरातल्या पुरुषाची सही लागायची. आईच्या कर्जावर सतरा वर्षांच्या मुलाने सही केल्याचा किस्सा तिकडे अजून सांगतात. मिसरूड फुटले की झाले.

साहेबांनी धंद्याच्या नावाने खाते तरी उघडा म्हणून सांगितले. तेवढे एक काम त्या दिवशी झाले. फॉर्ममध्ये मोबाइल नंबरचा रकाना आला तेव्हा वहिनींनी सवयीने मिस्टरांचा घातला. गॅस, शाळा, आधार, सगळीकडे तोच आहे. ओटीपी तिकडेच जातात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता दिल्ली-एनसीआर नावाचा गोंधळ बघा. नकाशावर एक शहर, कागदावर सरकारे अनेक. वहिनी राहतात दिल्लीत, स्वस्त गाळा दिसतो नोएडात, म्हणजे उत्तर प्रदेशात. बरीच गिऱ्हाइके गुरुग्रामची, म्हणजे हरियाणाची. आधार कार्ड अजून साताऱ्याचे. हरियाणात मातृशक्ती उद्यमिता योजना आहे, पण ती हरियाणाच्या बाईसाठी. महाराष्ट्राने अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने स्टार्टअप योजना काढली, एक ते पंचवीस लाखांपर्यंत. पण ती महाराष्ट्रातल्या धंद्यासाठी. मेट्रोच्या ब्लू लाइनवर न्यू अशोक नगर ते नोएडा सेक्टर १५ हे एका स्टेशनाचे अंतर. तेवढ्यात बाई एका सरकारच्या लाडक्या बहिणीची दुसऱ्या सरकारची परकी बहीण होते.

जीएसटीचे तर विचारूच नका. राज्यातल्या राज्यात माल विकला तर चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची कटकट नाही. पण नोएडातल्या गाळ्यातून चकलीचे पाकीट मयूर विहारला पाठवले, की ते आंतरराज्य व्यापार. नोंदणी पहिल्या पाकिटापासून. चिल्ला बॉर्डरवरून दूधवाला, पेपरवाला, मोलकरीण रोज ये-जा करतात. चकली केली की निर्यातदार.

अन्नपदार्थांची नोंदणी मात्र सोपी, हे कबूल करायला हवे. तेव्हा बारा लाखांच्या उलाढालीपर्यंत वर्षाला शंभर रुपये पडत. लघुउद्योगांसाठीच्या सरकारी उद्यम पोर्टलवरची नोंदणी तर फुकट. फुकट असल्यामुळेच बँकेच्या दारातला एजंट त्याचे पंधराशे मागतो.

त्याच उद्यम पोर्टलवरचे २०२४ च्या सुरुवातीचे सरकारी आकडे आहेत. नोंदलेल्या उद्योगांत बायकांचे २०.५ टक्के. रोजगारात त्यांचा वाटा १८.७३ टक्के. गुंतवणुकीत ११.१५. उलाढालीत १०.२२. हे जरा सावकाश वाचा. अकरा रुपयांच्या भांडवलात या बायका जवळजवळ एकोणीस जणांना कामाला लावतात. बाकीचे एकोणनव्वद रुपये घेऊन उरलेल्या एक्याऐंशींना. आता सांगा, पैसा जास्त कोण राबवते?

साहेबांना हे मी सांगितले नाही. ते एव्हाना वहिनींच्या हाताकडे बघत होते.

‘मॅडम, गोल्ड लोन ले लीजिए। आधे घंटे में हो जाएगा।’

आणि बँक जागी झाली, महाराजा! बेल वाजली. चहा आला. सराफ आला, काखेत चामड्याची पेटी. टेबलावर मखमलीचा तुकडा अंथरला. वहिनींनी एक पाटली साबण न लावता, नुसती पिरगाळत काढली. हात लाल झाला. सराफाने काळ्या कसोटीच्या दगडावर पाटलीची कड घासली. बारीक पिवळी रेघ उमटली. तिच्यावर बाटलीतल्या ॲसिडचा एक थेंब. केबिनमध्ये सगळे श्वास रोखून उभे. शेजारच्या काउंटरची मुलगीसुद्धा डोकावली. सराफाने डोळ्याला भिंग लावले, दगड उजेडाकडे धरला, वाकडा केला, पुन्हा सरळ केला. रेघ तशीच. मग काटा. दशांशाचे दोन आकडे. किमतीच्या साधारण पाऊणपट रक्कम, आजच, याच खात्यात.

वही मघापासून टेबलावर होती. सहा वर्षांचा जमाखर्च. तिचे पान कुणी उलटले नाही. पाटलीची रेघ मात्र भिंगातून पाहिली.

आणि या अर्ध्या तासात एकदाही, एकदाही कुणी विचारले नाही, हस्बंड क्या करते हैं.

पाटलीला नवरा लागत नाही.

हा काही आमच्याच शाखेचा चमत्कार नव्हे. मार्च २०२५ मध्ये नीती आयोगाने बायकांच्या कर्जांवरचा एक अहवाल प्रसिद्ध केला. २०२४ मध्ये बायकांनी घेतलेल्या कर्जांत ४२ टक्के वैयक्तिक आणि घरगुती गरजांची. ३८ टक्के सोन्यावरची. धंद्यासाठीची? तीन टक्के. मिक्सर, मोबाइल, मुलाची फी, याला बँक हो म्हणते. बाईने खर्च करायला कर्ज मागितले तर विश्वास, कमवायला मागितले तर जामीन.

आणि जिच्याकडे पाटल्याही नाहीत, तिच्यासाठी मायक्रोफायनान्स आहे. व्याज चोवीस टक्क्यांच्या आसपास, वसुली दारात. तिथे नवरा काय करतो, विचारत नाहीत. काही करत नसणार, हे धरूनच दर लावलेला असतो.

वहिनींनी पाटली परत घेतली, पदराने पुसली आणि हातात चढवली. ‘सासूबाईंची आहे,’ एवढेच म्हणाल्या. सराफाने मखमल घडी केली. चहा अर्धा राहिला, तोही पुन्हा कुणी विचारला नाही.

सोसायटीतल्या एका पोराने सुचवले, काकू, बँकेच्या मागे कशाला लागता, इन्व्हेस्टर पकडा. एनसीआरमध्ये इन्व्हेस्टर काय, सायबर हबच्या कॉफीच्या दुकानात दगड मारला तर तिघांना लागेल. टीव्हीवर शार्क टँक पाहून आता प्रत्येक घरात एक शार्क तयार झाला आहे. हातात रिमोट, तोंडात ‘व्हॅल्युएशन’. गझल अलघ यांची मामाअर्थ गुरुग्रामचीच ना? २०१६ ला सुरू, २०२३ ला शेअर बाजारात. मग?

मग काही नाही. तिथेही प्रश्नपत्रिका दोन असतात. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या स्टार्टअप स्पर्धेतली प्रश्नोत्तरे तपासून संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले, की पुरुषांना विचारतात, ‘कुठवर जाल?’ बायकांना विचारतात, ‘बुडणार तर नाही ना?’ आणि पहिल्या प्रकारचे प्रश्न ज्यांना आले, त्यांना पुढे दुसऱ्यांच्या निदान सातपट पैसा मिळाला. म्हणजे पेपर सोपा त्यालाच, आणि गुणही त्यालाच. भाजणीला कुणी ‘कुठवर जाल’ विचारणार आहे का? फार तर विचारतील, ‘एक्झिट काय?’

भाजणीची एक्झिट काय, हे सभ्य सदरात लिहिता येत नाही.

आता इतिहास काढू या जरा. लिज्जत पापड. १५ मार्च १९५९, गिरगाव, सात बायका, गच्ची. भांडवल ऐंशी रुपये, छगनलाल पारेख या समाजसेवकांकडून उसने. बँक? पापड वाळत होते तेव्हा बँक सावलीत होती. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये गिरणगावातल्या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा कुठे राष्ट्रीयीकृत बँकेला कळले, की रोज पन्नास जणांचा डबा करणारी बाई धंदा करते. तोवर ती नुसती स्वयंपाक करत होती.

आणि म्हसवडची गोष्ट तर वहिनींच्या माहेरच्या जिल्ह्यातली. चेतना सिन्हा माण तालुक्यातल्या बायकांची बँक काढायला निघाल्या. रिझर्व्ह बँकेने १९९६ मध्ये अर्ज परत केला. कारण प्रवर्तक निरक्षर, कागदावर अंगठे. बायकांनी साक्षरतेचे वर्ग लावले आणि पुन्हा मुंबई गाठली. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, वाचता येत नसेल, पण व्याजाचा हिशेब घाला आम्हाला, तोंडी करतो, नाही जमला तर परवाना देऊ नका. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. अंगठ्यांची गोष्ट सगळे सांगतात. साहेबांनी गणित स्वतः कॅल्क्युलेटरवर पडताळले की नाही, ते मात्र कुणी सांगत नाही.

दिल्लीतच हवे असेल तर नजफगढला जा. कृष्णा यादव. बुलंदशहराहून आलेल्या, नवऱ्याचा धंदा बसलेला, हातात मैत्रिणीकडून घेतलेले पाचशे रुपये. उजव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात २००१ साली फळप्रक्रियेचे शिक्षण घेतले, तीन हजार घालून करवंदाचे आणि मिरचीचे लोणचे केले, रस्त्याच्या कडेला टेबल मांडून विकले. पुढे कारखाना, पुढे २०१५ चा नारी शक्ती पुरस्कार. आता भाषणाला बोलावतात, पाठ्यपुस्तकासारखे उदाहरण देतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत पहिल्या रांगेत बँकवाले असतातच.

पहिले पाचशे त्यांचे नव्हते. एवढे आपले सांगून ठेवतो.

तर मग वहिनींनी काय केले? जे दिल्लीतली बाई नेहमीच करते. किटी.

मराठीत भिशी, दिल्लीत किटी, पंजाबी घरांत कमेटी. फाळणीनंतर दिल्लीत आलेल्या बायकांनी ही रीत इथे रुजवली, असे सांगतात. पेपरवाले किटी म्हटले की तंबोला, छोले-भटुरे आणि लिपस्टिक एवढेच दाखवतात. नवरे तर हसतातच. आमच्या सोसायटीच्या किटीत वीस जणी आहेत. महिन्याला दहा हजार, म्हणजे दोन लाखांची उचल. चिठ्ठ्या काढायच्या, पण कुणाची नड असली तर चिठ्ठ्या तशाच डब्यात ठेवून तिला पहिली द्यायची. आयटीआर नाही, सिबिल नाही, जामीनदार नाही. वहिनींनी उठून सांगितले, मला मशीन घ्यायचेय. चड्ढा आंटींनी एकच प्रश्न विचारला.

‘वो जीरेवाली चकली भी बनाओगी ना?’

तपासणी याहून वेगळी काय असते? प्रत्येकीने सहा वर्षे माल खाल्ला होता.

भिशीचे गोडवे मी गाणार नाही. भिशी बुडते तेव्हा पैसा जातो आणि मैत्रीणही जाते, आणि पोलिसात जाऊन सांगायला कागदाचा कपटा नसतो. पण त्या संध्याकाळी वीस बायकांनी दोन लाख रुपये, वाफाळता चहा आणि ढोकळा, असे सगळे पाऊण तासात उरकले. साहेबांच्या केबिनमध्ये तेवढ्या वेळात आमचे आधारच स्कॅन होत होते.

दोन लाखांत चार लाखांचे काम बसवले. पल्व्हरायझर जुना, गाझियाबादहून. भाजायचे यंत्र पुढच्या वर्षी. गाळ्याऐवजी किटीतल्याच एकीचे रिकामे गॅरेज. मशीन घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याने बेल वाजवली आणि विचारले, ‘साहब हैं घर पे?’ वहिनींनी चलनावर सही केली आणि म्हणाल्या, ‘साहब ही हूँ, उतारो।’

दिवाळी जोरात झाली. खात्यात पैसे येऊ लागले, दर आठवड्याला, नियमाने. जानेवारीत कुठल्याशा संगणकाला ते दिसले. भाजणीच्या खात्याला साडेपाच लाखांचे धंद्याचे कर्ज, आधीच मंजूर, कागदपत्रे नकोत, सही नको, फक्त फोनवर ‘हो’ म्हणा.

फोन नोंदलेल्या नंबरवर आला. मिस्टर मीटिंगमध्ये होते. ‘नहीं चाहिए’ म्हणून त्यांनी ठेवून दिला.

संध्याकाळी चहा पिताना सहज म्हणाले, ‘अगं, दुपारी कुणा लोनवाल्यांचा फोन होता. फार पिडतात हल्ली.’